ताईची रजा

ताई गेल्यापासून मी रोज थोडं थोडं लिहिते. सकाळचा चहा झाला की खिडकीपाशी बसायचं, चार ओळी झाल्या की थांबायचं. लहानपणाचं पुष्कळसं लिहून झालं, पण नगरच्या दुष्काळी दिवसांपाशी येऊन हात अडला होता. तिच्या तेराव्याला तिचा धाकटा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, कागदपत्रं बघताना कळलं, आई बी.कॉम. होती. फर्स्ट क्लास. कधी बोलली कशी नाही?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नसेल." ते खरं नव्हतं. विचारलं असतं तरी ती बोलली नसती. तिच्या मुलांना माहीत आहे ती पारनेरची आई. किराणावाल्याचं पेन कागदाला लागायच्या आत बेरीज तोंडाने सांगणारी, आणि कुणी कौतुक केलं की उठून आत जाणारी. त्याआधीची ताई आता फक्त मला ठाऊक आहे.

नगरला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पुढे गल्लीला लागून ओसरी, मग बसायची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर आणि मोरी. गल्ली इतकी अरुंद की समोरच्यांच्या फोडणीने आम्हाला ठसका लागे. पावसाने लागोपाठ पाठ फिरवली होती. नळाला पहाटे थोडा वेळ पाणी येई. आधी नुसती हवा फुसफुसे, मग कुणी घसा खाकरावा तसे दोन-चार गढूळ गुळण्या पडत आणि मग बारीक धार लागे. त्या आवाजाने सगळी गल्ली उठे. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना आई पुटपुटे, "मेली थापावी तर तडकते, भाजावी तर करपते, आणि खाताना भुसा." बाबांच्या चित्राहुतीपुरता भात ती कुठून तरी राखून ठेवी. बाबा पानावर बसले की पानाभोवती पाणी फिरवत, चार शितं बाजूला ठेवत आणि मग त्या तांबड्या भाकरीकडे पाहून क्षणभर डोळे मिटत.

बाबा शाळेत संस्कृत शिकवायचे. पगार बेताचा, म्हणून सणावाराला थोडी भिक्षुकी करायचे. दिवाळीतलं त्यांचं मोठं काम म्हणजे दाणेबाजारातल्या पेढ्यांवरचं वहीपूजन. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने श्री काढायचं, शुभ-लाभ लिहायचं, अक्षता टाकायच्या. आमच्या घरात पहाटे ऐकू येत ते बाबांचे मंत्र, आणि रात्रीच्या जेवणाआधी ऐकू येई ती ताईची बेरीज. ती बेरीज करताना ओठ हलवी, आणि मध्येच "हातचे तीन" असं जरा मोठ्याने म्हणे. बाबा म्हणत, "उषा, तुझी ही संध्या बरी आहे. चुकली तर लगेच कळतं." बाबांना तिचा अभिमान होता हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. पुढचं वाचताना कुणाला ते खोटं वाटू नये.

ताई बी.कॉम. झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बँकेत नाहीतर शाळेत लागेल. तिने सांगितलं, मला सी.ए. व्हायचंय. आमच्या घरात या अक्षरांचा अर्थ तिलाच समजावून द्यावा लागला. कुणा तरी मान्यता असलेल्या हिशेबतपासनिसाकडे तीन वर्षं उमेदवारी करायची, तिला आर्टिकलशिप म्हणत, आणि तेवढ्यात परीक्षा द्यायच्या. अशी बाई नगरमध्ये तोवर आमच्या माहितीत एकही नव्हती. पुण्यामुंबईला असतील, असं ताई म्हणे. पण नाव तिलाही सांगता येत नसे.

बाबांनी केतकर साहेबांकडे शब्द टाकला. केतकरांचं ऑफिस बाजारातल्या एका जिन्यावर होतं. साहेब मुंबईला शिकलेले, बोलणं मोजकं. त्यांचे थोरले कारकून धोंडोपंत आमच्याच गल्लीत राहायचे. व्यापाऱ्यांच्या वह्या येत-जात त्या त्यांच्या हातून. त्या पहिल्या भेटीची हकीकत बाबा पुढे कित्येक दिवस हौसेने सांगत. साहेब म्हणाले, "मुली टायपिंगला येतात, मास्तरणी होतात. हिशेब तपासायला आलेली मी इथे पाहिली नाही. बघू या." तेव्हा धोंडोपंत म्हणाले, "साहेब, बघू या म्हणायला काय जातंय! वह्या म्हणजे लोकांची लक्ष्मी. उद्या पेढीवाले विचारतील, आमच्या वहीला कोण, कुठल्या दिवशी शिवलं? मी काय सांगू?" त्यावर बाबा पुढे झाले. "ती जबाबदारी माझी. ते चार दिवस माझ्या घरात पाळले जातात. त्या दिवसांत ती जिना चढणार नाही." साहेब म्हणाले, "घरच्या रीतीत मी पडत नाही," आणि कागदावर सही केली. बाबांना वाटलं, आपण मुलीसाठी दार उघडलं. ताईलाही तेच वाटलं. ती पेढे घेऊन आली होती.

त्या शब्दातून एक रीत पडली आणि तिच्यात मीही आले. दर महिन्याला, ताई बाजूला बसली की, शाळेत जाता जाता मी केतकरांच्या ऑफिसात जायचं आणि धोंडोपंतांना सांगायचं, "ताईला बरं नाही." ते "बरं" म्हणायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर तांबड्या पेन्सिलीने बारीकशी खूण करायचे. टेबलांशी बसलेली उमेदवार मुलं मान खाली घालायची. एखादा उगीच खोकायचा. मी आठवीत होते, मला फक्त एवढंच कळे की या सांगण्यात काही तरी आहे ज्यामुळे मोठी माणसं माझ्याकडे पाहत नाहीत. हळूहळू ताईचा महिना सगळ्या ऑफिसला पाठ झाला, ऑफिसातून धोंडोपंतांच्या घराला, आणि घरातून गल्लीला.

ताई घरी त्या दिवसांत मोरीच्या अलीकडच्या कोपऱ्यात तरटावर बसायची. वेगळा तांब्या, वेगळं भांडं. आई वरून भाकरी वाढायची. पुस्तक मात्र तिला चालायचं; कागदाला विटाळ नाही, असं तिनेच आईकडून कबूल करून घेतलं होतं. ऑफिसच्या वह्यांना होता आणि तिच्या पुस्तकांना नव्हता, याचं आम्हा कुणालाच तेव्हा नवल वाटलं नाही.

ऑफिसात तिला कामही अर्धंच मिळे. मुलं तपासणीला बाहेरगावी जात. श्रीगोंद्याला साखर कारखान्यावर आठ-आठ दिवस मुक्काम करत. परत आली की उसाच्या रसाच्या आणि गेस्ट हाऊसमधल्या ढेकणांच्या गोष्टी सांगत. ताईने मुक्कामाला जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी आणलेल्या पावत्या नोंदींशी ताडून पाहायच्या, ते तिच्याकडे येई. "मी कारखाना पाहिला नाही," ती मला म्हणायची, "पण तिथे कुठल्या दिवशी किती बारदान आलं ते मला विचार." ती हे तक्रार म्हणून सांगत नसे. तिला ते काम मनापासून आवडे. एखादी पावती सापडत नसली की जेवताना तिचं लक्ष नसे, आणि सापडली की भाकरी आणखी मागून घेई.

हल्ली माझ्या पेन्शनच्या इन्कमटॅक्सचे कागद घेऊन मी ज्या सी.ए.च्या ऑफिसात जाते, तिथे निम्म्या खुर्च्यांवर मुली असतात. मागच्या खेपेला त्यांच्यातल्या एकीला मी विचारलं, "आर्टिकलशिप का गं?" ती म्हणाली, "हो आजी. परवापासून परीक्षेच्या रजेवर चाललेय." मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले असेन, कारण तिने विचारलं, "पाणी देऊ का?"

ताईच्या वेळीही रजा होती. जितकं काम भरेल त्या प्रमाणात रजेचे दिवस जमत जात. त्याहून जास्त झाले तर तितके दिवस पुढे भरून द्यावे लागत. मुलं ती रजा जपून ठेवत आणि परीक्षेआधी अभ्यासाला घरी बसत. ताईला पहिली परीक्षा त्या उन्हाळ्यात द्यायची होती. बाबांनी आत्याच्या आग्रहाखातर एक मुदत घालून दिली होती: या खेपेला पास झाली तर पुढे शिकायचं, नाहीतर स्थळं पाहायची. आत्या म्हणे, "किती दिवस पोरीला जिने चढवणार आहेस?" तेव्हा ही एक परीक्षा म्हणजे ताईला सगळंच होतं. हिवाळ्यात एक दिवस केतकर साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की तिच्या नावावर जेमतेम चार-सहा दिवस शिल्लक आहेत. दर महिन्याचे ते चार दिवस, मध्ये मला टायफॉइड झाला तेव्हा ती माझ्या उशाशी बसली ते, श्राद्ध-पक्षाचे दोन. बाकी काही नाही. ती एकही दिवस स्वतःच्या मर्जीने घरी राहिली नव्हती.

आई सुपात मिलो निवडत होती. ताई समोर उकिडवी बसली.

"आई, माझी रजा संपली."

"कशाने संपली? एक दिवस घरी बसत नाहीस."

"तेच चार दिवस. दर महिन्याचे."

आईचा हात सुपात थांबला. "मग काय करायचं म्हणतेस?"

"जायचं म्हणते. या महिन्यापासून. परीक्षेपर्यंत तेवढे दिवस तरी वाचतील. धोंडोपंतांना कोण सांगणार आहे?"

आईने बराच वेळ खडे वेचले. मग म्हणाली, "तू मला काही बोलली नाहीस. मी ऐकलं नाही. देवघराकडे फिरकायचं नाही, चुलीला हात लावायचा नाही. ह्यांना मी सांगेन, परीक्षा आहे, तिला काम सांगू नका." आणि मान न वळवता, "शशी, तूसुद्धा ऐकलं नाहीस."

माझी आई कधी कुणाच्या शब्दाबाहेर गेली नाही. ती मुलीसाठी एवढं एक पाऊल बाहेर आली, आणि त्याबद्दल पुढे जन्मभर स्वतःलाच बोल लावत राहिली. मी तिला लावत नाही.

पौष गेला, माघ गेला, फाल्गुन गेला. मला ऑफिसात निरोप घेऊन जावं लागलं नाही. कोपऱ्यात तरट पडत नाही हे बाबांच्या ध्यानात आलं नाही; असल्या गोष्टी ते आईवर सोडत. ताई अंधार पडल्यावर घरी यायची, हातपाय धुऊन पुस्तक उघडायची. तिचा चेहरा उतरला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण बोलण्यात एक उभारी होती. एकदा मला म्हणाली, "शशे, पंधरा दिवस जमले बघ." जणू तिने ते कुठून तरी खणून काढले होते. आम्हा तिघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही की ज्या कॅलेंडरावर दर महिन्याला खूण पडते, त्यावर तीन महिने ती पडली नाही तर लोक काय वाचतील.

चैत्रात धोंडोपंतांच्या घरी हळदीकुंकू झालं. कैऱ्या महाग, तरी त्यांच्या बायकोने, माईंनी, आंब्याची डाळ केली होती. गौर मांडली होती, पुढे कलिंगडाची फोड, हरभऱ्याची ओटी, आणि पन्हं पेल्यात अर्धं अर्धं. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. ताई आणि मी आईबरोबर गेलो तेव्हा बोलणं एकदम थांबलं आणि मग जास्तच जोरात सुरू झालं. माई डाळ वाढत आल्या.

"उषाला दोन चमचे जास्त घाला हो. आंबट आवडत असेल तिला," कोपऱ्यातून कुणी तरी म्हणालं.

"आवडतंच मला," ताई म्हणाली आणि ताटली पुढे केली.

"आवडणारच. या दिवसांत सगळ्यांनाच आवडतं."

"उन्हाळ्याचे दिवस म्हणतायत त्या," दुसरी म्हणाली, आणि तीन-चार जणींनी तोंडाला पदर लावले.

"ऑफिसात दमणूक फार होत असेल, नाही? उशीर होतो."

"परीक्षा जवळ आलीय ना," ताई म्हणाली. "शिवाय मार्च अखेरचं काम."

"काम ते कामच बाई," माई म्हणाल्या, आणि हसू पुन्हा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. ताईने सगळी डाळ संपवली. दुष्काळातली पहिली कैरी होती ती. वाटेत ती म्हणाली, "छान झाली होती, नाही आई?" आई झपाझप पुढे चालत राहिली. तिला काही तरी लागलं होतं, पण काय ते तिलाही अजून उमगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते पारूबाईने सांगितलं. पारूबाई तिसगावकडची. रान वाळून गेलं म्हणून नगरला येऊन चार घरची भांडी घासत होती, त्यात आमचं एक आणि धोंडोपंतांचं एक. मोरीत बसल्या बसल्या तिने राखेचा हात थांबवला.

"बाई, म्या बोल्ले म्हनू नगा. माईंच्या घरी कानावर आलं. तीन म्हयने झाले, उषाताईचा निरोप न्हाई आला म्हनत्यात. मंग पोरगी बाजूला बसना म्हंजी काय समजायचं, असं बोलत हुत्या. आनिक कुनाकुनाची नावं बी घेत हुत्या हापिसातली."

आईने उठून आधी ओसरीचं दार लोटलं.

"मला तं खरं वाटत न्हाई," पारूबाई म्हणाली. "आमच्या बाया खडी फोडाया जात्यात. तितं मुकादम इचारत न्हाई, बाई बाजूला बसलीस का म्हनून. बसली तर खाईल काय? पर तुमच्यात लई कडक हाय ना. म्हनून लोकांचं त्वांड चालतंय."

त्या दुपारी आईने बाबांना सगळं सांगितलं. मी ओसरीवर होते. मला ऐकू आलं. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "तुला माहीत होतं?" आई हो म्हणाली. "वह्यांना शिवली?" आई म्हणाली, "कामच ते आहे तिचं." शेवटी बाबा म्हणाले, "मी शब्द दिला होता गं."

संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा तिला कळलं. ती रडली नाही. तिने आधी विचारलं, "नावं कुणाची घेतात?" आणि आईने सांगितल्यावर म्हणाली, "तो बिचारा तर श्रीगोंद्यालाच असतो."

सकाळी बाबा तिला घेऊन केतकरांकडे निघाले. मलाही म्हणाले, "तूही चल. निरोप तू न्यायचीस. तुला पाठवलं नव्हतं, हे तू सांग." साहेबांनी मुलांना बाहेर पाठवलं. आत साहेब, धोंडोपंत, बाबा, ताई आणि मी. पंखा बंद होता. टेबलावर तांबड्या कापडी बांधणीच्या वह्यांची चळत होती.

साहेबांच्याही कानावर आलेलंच होतं. त्यांनी रुमालाने चष्मा पुसला आणि बाबांकडे न पाहता ताईशी बोलले. "हे बघा, मला यात चौकशी करायची नाही. अभ्यास, जागरण, खाण्याची आबाळ. अशात मुलींचं मागेपुढे होतं, असं डॉक्टर सांगतात. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या आहेत. त्या लिहून देतील की अशक्तपणामुळे तीन महिने आलंच नाही. धोंडोपंत बाजारात सांगतील. परीक्षेच्या फॉर्मवर मी आज सही करतो."

धोंडोपंत म्हणाले, "तसं असेल तर प्रश्नच मिटला. माणसाला आजार असतो."

बाबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. बुडणाऱ्याने काठ पाहावा तसे ते ताईकडे पाहत होते. एक हो म्हणायचं होतं. तिच्या अब्रूवरचा डाग जाणार होता, वह्या शुद्धच राहणार होत्या, बाबांचा शब्द राहणार होता, आणि परीक्षाही होणार होती.

ताई म्हणाली, "साहेब, मला अशक्तपणा नाही. माझं वेळच्या वेळी आलं. मी त्या दिवसांतही कामाला आले."

"उषा," बाबा म्हणाले.

"जे झालंच नाही त्याचा कागद मी कसा आणू, बाबा? तसले कागद शोधून काढायलाच तर इथे शिकवतात."

साहेबांनी चष्मा घातला आणि खिडकीबाहेर पाहिलं. धोंडोपंतांचा हात वह्यांच्या चळतीवर टेकलेला होता, तो त्यांनी हळूच काढून घेतला. "कुठल्या वह्या?" त्यांनी विचारलं. ताईने सांगितल्या. पौषात कुठल्या पेढीच्या, माघात कुठल्या, फाल्गुनात कुठल्या. तिने एकही गाळली नाही. मध्ये एकदा थांबली, आठवलं, आणि म्हणाली, "तेलाच्या घाण्याची किर्दही. ती फक्त उचलून ठेवली होती."

धोंडोपंतांनी त्या वह्या दोन मुलांना सांगून जमिनीवर ओळीने मांडायला लावल्या. मग ते बाबांना म्हणाले, "गुरुजी, पेढीवाल्यांना कळायच्या आत शुद्धी व्हायला पाहिजे. आता दुसरा ब्राह्मण कुठून बोलावू?" बाबा उठले. कोपरीची बाही मागे सारली, धोंडोपंतांनी मागवलेलं तांब्यातलं गोमूत्र दर्भाने घेतलं आणि मंत्र म्हणत एकेका वहीवर शिंपडत गेले. रोज पहाटे घरात घुमणारे मंत्र त्या दिवशी ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते. एक वही उघडी राहिली होती. तिच्यावर थेंब पडून शाई पसरली. ताईच्याच अक्षरातली नोंद होती ती. ती पटकन टिपकागद घेऊन पुढे झाली, आणि धोंडोपंत म्हणाले, "अहो, नको! आता नको." ती टिपकागद हातात घेऊन तशीच उभी राहिली.

साहेबांनी तिला काढून टाकलं नाही. ते म्हणाले, "काही महिने घरी राहा. जरा निवळू दे." फॉर्मवर त्यांची सही लागत होती, आणि ती त्यांनी केली नाही. फॉर्म त्यांच्या टेबलावरच राहिला.

खरं सांगितल्याने निदान ती दुसरी बोलणी तरी थांबतील असं बाबांना वाटत होतं. थांबली नाहीत. माईंनी म्हणे नवऱ्याला विचारलं, "शिवले असं कोण कबूल करील हो, त्याहून मोठं काही झाकायचं नसेल तर?" गल्लीला ते पटलं. आत्याने पारनेरचं एक स्थळ आणलं होतं. तहसील कचेरीत कारकून, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. त्यांच्याकडूनही निरोप आला की नगरहून काही कानावर आलं आहे, तेव्हा घाई नको. धोंडोपंतच बाबांना वाटेत भेटून म्हणाले, "गुरुजी, राग मानू नका. शब्दाने हे मिटायचं नाही. लोकांना दिसलं पाहिजे."

चैत्र संपता संपता ताईचे दिवस आले. ती सवयीने तरट घेऊन मोरीच्या कोपऱ्याकडे निघाली. बाबा दारात उभे होते. त्यांनी तिच्या हातातून तरट घेतलं नाही, त्यांना शिवता आलं नसतं. त्यांनी फक्त बोट दाखवलं. "ओसरीवर," ते म्हणाले.

आई म्हणाली, "अहो, रस्त्यावर? काहीच्या काही काय बोलता?"

"ओसरीवर. कठड्याशी. दिसेल असं."

ताई क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि मग जाऊन बसली. तिने पाठ गल्लीकडे केली होती. बाबा म्हणाले, "गल्लीकडे तोंड कर." तिने केलं. शेजारी तांब्या-भांडं ठेवलं. आईने वरून भाकरी वाढली ती भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. टँकरवर पाणी भरायला निघालेल्या बायका कळश्या काखेला लावून थांबत, एकमेकींना कोपर मारत, पुढे जात. मुलं लांबून वळसा घालून पळत आणि ओरडत, "शिवशील! शिवशील!" माई देवळात जाताना एकदा आणि येताना एकदा अशा दोनदा गेल्या, येताना म्हणाल्या, "बसलीस का गं? बरं झालं." धोंडोपंतांनी ऑफिसला जाताना मान हलवली, जसे ते माझा निरोप ऐकून हलवत. ताईने मांडीवर पुस्तक घेतलं होतं. ती पान उलटत नव्हती. परीक्षा जवळच आली होती, ती आपली नाही हे तिला ठाऊक होतं, तरी पुस्तक तिने खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या एका परक्या बाईंना घेऊन गल्लीतून गेली. त्या पारनेरच्या मुलाच्या मावशी होत्या, हे मागून कळलं. त्या थांबल्या नाहीत, काही विचारलं नाही. चालता चालता त्यांनी तरटाकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, ताईच्या पोटाकडे पाहिलं. ताईचा चेहरा त्यांनी पाहिल्याचं मला आठवत नाही. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम तो एवढाच झाला. संध्याकाळी आत्या एकटी आली आणि उंबऱ्याबाहेरूनच बाबांना म्हणाली, "पसंत आहे म्हणतात."

चौथ्या दिवशी उजाडताच ताई न्हाली. ओले केस पाठीवर सोडून ती पुन्हा ओसरीवर आली, तरट उचललं, घडी घातली, काखेला धरलं. बाबा उंबऱ्यात उभे होते. ऑफिसातल्या त्या सकाळपासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "सगळ्यांनी पाहिलं?"

बाबांनी मान हलवली.

"मग आत येऊ?"

बाबा दारातून बाजूला झाले.